वराची उंची

ग्रेशियन साल्दान्हाच्या मुलाला मागणी आली, तेव्हा मुलगा मरून पंचवीसेक पावसाळे उलटले होते.

मागणी घेऊन कोरगप्पा शेट्टी स्वतः आले. नदीपलीकडे त्यांची सुपारीची बाग आणि भाताची गिरणी. माणूस बोलायला लागला की गिरणी चालू झाल्यासारखं वाटायचं. त्या दिवशी मात्र त्यांनी छत्री भिंतीला टेकवली, चपला ओळीत काढल्या आणि केळ्यांचा घड व पानसुपारी टेबलावर ठेवून खाली मान घालून बसले. मुलीच्या बापाने बसावं तसे.

"पोर्बू," ते म्हणाले. तुळू मुलखात ख्रिस्तावाला पोर्बू म्हणतात. त्यात मान असतो, आणि दोन हात अंतरही. "आमच्या वारिजेला तुमचा ओल्विन द्या."

ग्रेशियनने चष्मा काढून पुसला. आयुष्यभर पाव भाजलेला माणूस. कुठलीही गोष्ट घाईने बाहेर काढायची नाही हे त्याला पक्कं ठाऊक.

"मुलगा काय करतो ते विचारलं नाहीत, शेट्टरे."

"आमची मुलगी करते तेच," कोरगप्पा म्हणाले.

दोघंही चौथीत होती. नदीच्या खालच्या अंगाच्या शाळेतून परतताना, दोन्ही काठांची माणसं घेऊन येणारी होडी उलटली. होडीवाला आणि मोठी माणसं पोहून काठाला लागली; ही दोघं राहिली. एकाला इगर्जीच्या दफनभूमीत नेलं, दुसरीला शेट्टींच्या माडांत. तेव्हापासून दोन्ही घरं एकमेकांकडे पाहून मान हलवत, आणि तेवढ्यावरच भागवत.

पण मेलेलं मूल काही तिथेच थांबत नाही. या मुलखात तेही वाढतं. वयात येतं, त्याचं लग्न करावं लागतं. नाही केलं तर ते वाट अडवून बसतं आणि मागच्या भावंडांचं काही जमू देत नाही. वारिजेच्या पाठचा यतीश आता चौतिशीला आला होता. त्याचं लग्न तीनदा ठरलं आणि तीनदा मोडलं. एकदा पत्रिका आड आली, एकदा मुलगी पळून गेली, आणि तिसऱ्या वेळी यतीश स्वतःच मुलीच्या आईशी गिरणीवरून वाद घालून आला. तिन्ही वेळा दोष वारिजेवर गेला. मेलेल्या बहिणीचा तेवढा तरी उपयोग.

"आमच्यात शोधलं नाही असं नाही," कोरगप्पा सांगत होते. "कारकळचं एक स्थळ होतं. घराणं चांगलं, मुलगा तापाने गेलेला, निर्व्यसनी. पण हिशेब केला तर मुलीपेक्षा लहान निघाला. मोडलं. शेवटी घराण्याच्या राखणदार दैवापुढे उभे राहिलो. पात्रीच्या अंगात दैव आलं, म्हणालं, तिचा नवरा तिच्याच होडीत होता, तुम्ही गावोगाव कशाला फिरता?"

"दैवाला सांगितलंत का, आम्ही ख्रिस्तांव आहोत म्हणून?"

"सांगितलं. दैव म्हणालं, बुडवताना नदीने विचारलं होतं का?"

ग्रेशियनने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. कोरगप्पा पुढे सरकले. "एकदा लग्न लागलं की सुटली, पोर्बू. दोघं आपल्या वाटेने जातात. मागे वळून घराकडे येत नाहीत. घराला मग कसला त्रास राहत नाही."

ग्रेशियनला नेमकी तीच भीती होती. त्याला त्रास हवा होता. शाळा सुटायच्या वेळेला तो रोज व्हरांड्यात बसे, आणि रोज नाही तरी आठवड्यातून एखाददा, पलीकडच्या बाकावर दप्तर टाकल्यासारखा आवाज होई. थप्प. एवढंच. मान वळवून पाहायचं नाही, एवढी अक्कल त्याला आली होती. हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. म्हातारपणी माणसाकडे गुडघेदुखीशिवाय स्वतःचं असं फार थोडं उरतं.

"विचार करून सांगतो," तो म्हणाला.

आतल्या दाराचा पडदा हलला. सेवरीन, त्याची बायको, हात पुसत बाहेर आली. "विचार कसला करायचाय? आम्हाला मुलगी पसंत आहे."

शेट्टी गेल्यावर तो तिच्यावर उखडला. "अगं, रोज मिस्साला जाणारी बाई तू!"

"म्हणूनच. त्याच्यासाठी रोज मागते मी. पण उद्या आपण दोघं गेलो की मागणारं कोण? त्याला कोण आहे? एकटा किती दिवस राहील तो?" मग हळूच म्हणाली, "ती निदान त्याच्या ओळखीची आहे."

ग्रेशियन थेट फादर बोनिफासकडे गेला. मनात एकच आशा: पाद्री चिडेल, बायबलवर हात आपटेल, आणि लग्न मोडल्याचं पाप परस्पर पाद्रीच्या खात्यावर जाईल.

फादर माडांच्या आळ्यात शेणखत टाकून घेत होते. त्यांनी सगळं ऐकलं.

"आपल्याकडे शपथ असते, मरणाने वियोग होईपर्यंत," ते म्हणाले. "इथे मरण आधीच उरकलेलं. म्हणजे प्रकरण माझ्या हद्दीत येतच नाही, ग्रेशियनबाब."

"पण फादर, हे चुकीचं नाही का?"

"आहे की. जा, सेवरीनबायला सांग, फादर म्हणाले चुकीचं आहे."

"तुम्हीच सांगा ना."

"मी? मी कशाला? मला तर यातलं काहीच माहीत नाही." फादर माळ्याकडे वळले, आणि पाठमोरेच ग्रेशियनला म्हणाले, "रोसच्या आंघोळीसाठी नारळ लागतील ना तुम्हाला? या कोपऱ्यातल्या माडाचे घेऊन जा. दूध दाट निघतं. कशासाठी नेतोस ते मात्र मला सांगू नकोस."

अशा रीतीने धर्माने हात वर केले, आणि ग्रेशियन चार नारळ घेऊन घरी आला.

मुहूर्त आटी महिन्यातला निघाला. त्या पावसाळी महिन्यात जिवंत माणसांची लग्नं होत नाहीत, त्यामुळे मांडववाला, आचारी, वाजंत्री सगळे मोकळे होते आणि कधी नव्हे ते नम्रपणे बोलत होते. वराचे कपडे वराकडच्यांनी आणायचे ठरले. नवराबायको मुल्कीला कापडाच्या दुकानात गेली.

"लग्नाचा कोट दाखवा," सेवरीन म्हणाली.

"नवऱ्यामुलाला आणलं नाहीत?" दुकानदार हसतमुख होता. "आजकालच्या मुलांना आपण घेतलेलं आवडत नाही हो, बाय. मागाहून बदलून मागतात."

"हा नाही मागणार," ग्रेशियन म्हणाला.

"बरं, निदान उंची सांगा. कितीसा आहे?"

ग्रेशियनचा हात आपोआप उठला आणि स्वतःच्या छातीच्या जरा खाली येऊन थांबला. तळहात सपाट, जमिनीकडे. पोराचे केस तळव्याला लागावेत असा.

दुकानदाराने त्या हाताकडे पाहिलं. "अच्छा, पहिल्या कम्युनियनचा आहे का कोट? मला वाटलं, लग्न."

"लग्नच आहे," सेवरीन म्हणाली. "यांच्याकडे लक्ष देऊ नका. छाती बेचाळीस. उंचीला यांच्यापेक्षा चार बोटं जास्त. बाह्या लांब द्या, हात माझ्या भावासारखे आहेत. पोट नाही अजून, पण लग्नानंतर सुटेल, शिलाईत कापड ठेवा."

ग्रेशियन बायकोकडे बघतच राहिला. ती हे आठवून सांगत नव्हती, समोर दिसणाऱ्या माणसाचं सांगावं तसं सांगत होती. म्हणजे इतकी वर्षं ही बाई त्याला वाढवत होती. चुलीपाशी, कपडे वाळत घालताना, मिस्साला गुडघे टेकून, थोडा थोडा. पँटी आखूड होत गेल्या असतील, आवाज फुटला असेल, मिसरूड आलं असेल. सगळं त्याच घरात घडलं, आणि बापाला कोणी कळवलं नाही.

"दाढी ठेवतो का?" परत येताना बसमध्ये त्याने विचारलं. त्याला कुचकटपणे विचारायचं होतं, पण तसं जमलं नाही.

"मध्ये ठेवली होती," सेवरीन खिडकीबाहेर बघत म्हणाली. "मी काढायला लावली."

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी रोस झाला. नवऱ्यामुलाला नारळाच्या दुधाने न्हाऊ घालायचं, कुमारपणाची ती शेवटची आंघोळ. अंगणात पाट मांडला. पाट रिकामा. सेवरीनची बहीण जुलियाना आणि शेजारच्या चार बायका जमल्या, त्याही हळू आवाजात, कारण जे फादरना माहीत नव्हतं ते इतरांनाही माहीत नसणं बरं. ओव्या म्हणायला सुरुवात केली तर जुलियानाचा सूर वर लागला.

"हळू गं," सेवरीन म्हणाली.

"लग्नघरात हळू गायचं? आणि मला एक सांग, मुलगी त्याच्यापेक्षा सात महिन्यांनी मोठी आहे असं ऐकते. खरं का?"

"आहे."

"मग कारकळवाल्यांचं बरं मोडलं, आणि आम्ही पत्करायचं? थोरली बायको नवऱ्याला डोकं वर काढू देत नाही."

"जुलियाना, ती मेलेली आहे."

"म्हणून काय झालं? मोठी ती मोठीच."

मग बायकांनी एकेक करून दूध घातलं. वाटी उंच धरायची, नवऱ्याचं डोकं असेल तिथून, आणि हळू सोडायची. दुधाची धार हवेतून खाली येऊन पाटावर फुटायची. सेवरीनने तर हात आणखी वर नेऊन घातलं. शेवटी बापाची पाळी.

ग्रेशियनने वाटी घेतली. पाटापुढे गेला, आणि वाकला. पाटावर बसलेल्या पोराच्या डोक्याइतक्या उंचीवर त्याने वाटी धरली आणि दूध सोडलं.

"वर, भावोजी," जुलियाना कुजबुजली. "डोकं वर आहे त्याचं. तुम्ही गुडघ्यावर ओतताय."

ग्रेशियनने ऐकलं नाही. दूध संपेपर्यंत तसाच वाकून राहिला. मग त्याच्याच्याने सरळ उभं राहवेना, आणि दोघी बायकांनी त्याला काखेत हात घालून उठवलं. कंबर धरली असं सगळ्यांनी म्हटलं. कंबर फार उपयोगी असते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आधीच मंडळी नदीपलीकडे पोचली. आता पूल होता. जिथे जिथे होडीची गरज होती तिथे तिथे पूल झाले होते, गरज संपल्यावर होतात तसे.

शेट्टींनी काही कमी केलं नव्हतं. मांडव होता, मल्लिगेच्या फुलांच्या माळा होत्या, मागे कोंबडीचा रस्सा उकळत होता आणि तव्यावर बांगडे चरचरत होते. कोरगप्पा रेशमी पंचा सावरत सगळीकडे ओरडत फिरत होते. लग्न न झालेल्यांनी आणि मुलांनी हे लग्न पाहायचं नसतं. म्हणून ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, तो यतीश बाहेर फाटकापाशी छत्री घेऊन गाड्या लावून देत होता.

"पोर्बू अंकल, आत सगळं ठीक आहे ना?" त्याने विचारलं.

"तू गाड्या सांभाळ, बाळ. तुझी पाळी येईल."

माजघरात दोन खुर्च्या. एकीवर कोट, पँट, टाय. दुसरी रिकामी.

"मुलगी कुठे आहे?" जुलियानाने विचारलं.

"तयार होतेय," शेट्टींची बायको म्हणाली. तिने तोंड पदरात धरलं होतं.

पाऊण तास सगळे थांबले. मुहूर्त जवळ आला तसे कोरगप्पा आतल्या दाराशी जाऊन खेकसले, "आवरा! एवढा काय शृंगार?" आणि मग साडी आली. तांबडी, काठापदराची, ख्रिस्तावांच्या रीतीने सेवरीननेच दिलेली. तिच्यावर बांगड्या, गजरा. शेट्टींच्या थोरल्या बहिणीने ती खुर्चीवर अशी बसवली की पदर खांद्यावरून यावा तसा खुर्चीच्या पाठीवरून आला. काळ्या मण्यांवरून वाद होईल असं वाटलं होतं, पण दोन्ही घरांत काळे मणीच बांधतात असं निघालं. मुलीच्या मामाने पितळी गिंडीतून पाण्याची धार धरली, मग एकेकाने धरली, आणि लग्न लागलं. साडी उजवीकडून उचलून कोटाच्या डावीकडे ठेवली. आता ती बायको झाली.

सेवरीनने एकच गोष्ट मागून घेतली होती. त्यांच्यात मुलीच्या बापाने मुलगी हाताने सोपवायची असते, चार शब्द बोलून. कोरगप्पा लगेच कबूल झाले होते. बोलणं हा काय त्यांना प्रश्न?

ते पुढे आले. घसा साफ केला. "आजपर्यंत आमची होती," ते म्हणाले, "आता तुमची." इथपर्यंत पाठ केलेलं होतं. मग गिरणीत खडा यावा तसे थांबले.

"अंधाराला भिते," ते म्हणाले. "दिवा मोठा ठेवावा लागतो. आणि मासा आवडतो, पण काटे काढता येत नाहीत तिला. मी काढून द्यायचो. सांगायचो, पुढच्या वर्षी शिकवीन, अजून लहान आहेस."

बायका खाली पाहू लागल्या. त्यांच्या मनातली वारिजा पस्तिशीची, भरल्या अंगाची, आत्ताच पाऊण तास नटून आलेली होती. ही दुसरीच कोण?

ग्रेशियनला मात्र ती दिसली. दोन वेण्या, एक रिबन सुटलेली. कोरगप्पांच्या छातीच्या जरा खाली येणारी. आपण एकटेच नव्हतो तर, नदीच्या पलीकडच्या काठावरही एक गाढव बसलेलं होतं. सोपवून घेणाऱ्याने म्हणायचे शब्द सेवरीनने त्याच्याकडून घोकून घेतले होते. ते त्याला आठवले नाहीत.

"आमच्याकडेही मीच काढून देतो काटे," तो म्हणाला.

मग जोडप्याचं जेवण. खुर्च्यांपुढे दोन पानं मांडली, भात, रस्सा, बांगडा वाढला, समई लावली, आणि सगळे बाहेर पडले. दार लावलं. आत ती दोघं जेवतात आणि जातात. दोन्ही बापांनी मिळून दार उघडलं की समजायचं, गेली. त्यानंतर पाहुण्यांच्या पंगती.

दोघं बाप दाराला पाठ लावून उंबऱ्यापाशी बसले.

थोडा वेळ गेला. आणखी थोडा गेला. मांडवाच्या कापडावर पाऊस वाजत होता. पाहुणे आधी आदराने थांबले, मग भुकेने.

"कोरगण्णा, झालं नसेल का आता?" मामाने विचारलं.

"हळू जेवते ती," कोरगप्पा म्हणाले.

"आमचाही," ग्रेशियन म्हणाला. "एकेक शीत मोजत बसतो. शाळेला उशीर व्हायचा रोज."

आचारी येऊन सांगून गेला, रस्सा निवला. तो पुन्हा गरम झाला आणि पुन्हा निवला. तांदळाच्या कुरकुरीत रोट्ट्या सर्द झाल्या. जुलियाना मोठ्याने म्हणाली की आमच्यात निदान पाहुण्यांना आधी केक तरी देतात. फाटकाकडून यतीशने हाक मारली, "अप्पा, येऊ का आत?"

"थांब! जेवतायत!"

"अजून?"

"तुला काय घाई आहे?" कोरगप्पा ओरडले. चौतीस वर्षांच्या मुलाला बापाने हे विचारलं, आणि बिचारा छत्री घेऊन परत फिरला.

ग्रेशियन दाराला पाठ घट्ट लावून बसला होता. आतून काही आवाज येतो का, ऐकत होता. पानाचा, बांगड्यांचा, कशाचाही. येत नव्हता. पण आवाज आला नाही म्हणजे गेली, असं थोडंच असतं? बाजूला कोरगप्पांचा खांदा त्याच्या खांद्याला टेकला होता. नेहमीची दोन हात जागा कधी सरली, दोघांनाही कळलं नव्हतं.

"पोर्बू," कोरगप्पा हळूच म्हणाले, "आपण उघडलं नाही तर?"

"तर काय, शेट्टरे? बसू."

आणि तेवढ्यात त्यांच्या पाठीमागचं दार आतून उघडलं. दोघंही आधार गेल्यासारखे मागे कलंडले.

दारात सेवरीन उभी होती. स्वयंपाकघराच्या बाजूने ती कधी आत गेली होती, ते कोणी पाहिलं नव्हतं. तिच्या मागे समई जळत होती. पानं वाढली होती तशीच होती. खुर्च्या मोकळ्या होत्या. कोट आणि साडी यांची घडी घालून तिने एकाच गाठोड्यात बांधून ठेवली होती.

"गेली?" कोरगप्पांनी खालूनच विचारलं.

"केव्हाच."

ग्रेशियन उठला नाही. घरातून दूर निघताना मुलाने आईबापापुढे वाकून बेसांव मागायचा, आशीर्वाद घ्यायचा, त्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, ही ख्रिस्तावांची जुनी शिस्त. त्या दिवशी शाळेत जाताना पोराने मागितला होता की नाही, हे त्याला कधीच आठवलं नव्हतं.

"बेसांव मागितला त्याने?"

"मागितला. दोघांनी मागितला."

"मग?"

"मग दिला," सेवरीन म्हणाली. "तुम्ही दाराबाहेर बसला होतात. तुमचाही मीच दिला."

मांडवात पानं मांडायची घाई सुरू झाली. भात कुठे, पाणी कुठे, असा एकच गलका झाला. यतीश पायरीपाशी येऊन उभा राहिला. छत्री असून तो खांद्यांपर्यंत भिजला होता.

"आता आलो तर चालेल का?" त्याने विचारलं.

चालेल असं कोणी म्हणालं नाही. तो थोडा वेळ थांबला, मग चपला काढून, उंबऱ्यात बसलेल्या दोन म्हाताऱ्यांना ओलांडून आत गेला.